निलंग्याची बाजू

ज्या नोकरीत काहीच घडलं नाही म्हणजे काम चोख झालं असं समजतात, तशी माझी नोकरी होती. लातूरला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन स्क्रीनसमोर मी बसायचे. स्क्रीनवर तालुक्याच्या गावांची नावं चौकोनांत असायची. चौकोन हिरवा असला की तिथल्या सरकारी कचेऱ्यांचं नेट चालू, लाल झाला की माझी पळापळ सुरू. मी मूळची नांदेडची, वडिलांचं तिथं कापडाचं छोटं दुकान. आई फोनवर विचारायची, "आज काय केलंस गं दिवसभर?" मी म्हणायचे, "हिरवं बघितलं." ती हसायची. मला मात्र त्या हिरव्याचा भारी अभिमान होता, आणि तोच पुढं नडला.

सांगायचंय ते मामांबद्दल. मामा माझ्या नात्यातले नव्हेत. ते आमचे लाइनमन, पन्नाशी ओलांडलेले, मुरुडचे. जमिनीखालची केबल तुटली की ती शोधून जोडायची, हे त्यांचं काम. सगळेच त्यांना मामा म्हणत. माझ्यामुळे त्यांची नोकरी गेली, आणि नोकरीपेक्षा वाईट म्हणजे त्यांचं नाव गेलं. हे आधीच सांगून टाकते. कारण सांगता सांगता मी स्वतःला सोडवून घ्यायला बघेन. तो माझा जुना स्वभाव आहे.

त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं. बाकीच्यांनी ते टीव्हीवर पाहिलं. आम्ही तेव्हा टँकरच्या पाळीला उभे होतो. आमच्या ऑफिसात माणसांना पंखा आणि यंत्रांना एसी, अशी व्यवस्था होती. यंत्रांच्या खोलीतल्या एसीतून जे पाणी ठिबकायचं ते आम्ही बादलीत धरायचो आणि संडासात वापरायचो. बादली भरली का, हे बघायला दिवसातून चारदा कुणीतरी आत जायचंच. राउटरचे दिवे बघायला इतक्या नेमानं कुणी जात नव्हतं.

त्याच वर्षी उदगीर जिल्हा होणार, अशी हवा जोरात होती. ही हवा दर दोन-चार वर्षांनी उठते आणि बसते, पण त्या वेळी उदगीरच्या एका झेरॉक्सवाल्यानं पाटीवर 'जि. उदगीर' असं रंगवूनसुद्धा घेतलं होतं. आमच्या कंपनीकडं तालुक्यांच्या कचेऱ्या जोडायचं कंत्राट होतं. नवा जिल्हा झाला की नवं कलेक्टर ऑफिस, नव्या पन्नास कचेऱ्या, आणि ते सगळं काम आपल्यालाच मिळणार, असं नांदेडला बसणाऱ्या आमच्या साहेबांनी मनाशी धरलं होतं. म्हणून त्यांनी उदगीरला गरज नसताना दुसरा राउटर बसवला. आणि म्हणूनच रोज सकाळी त्यांचा फोन यायचा, "रेकॉर्ड एकदम साफ पाहिजे. एक डाग नको."

आता थोडं कामाचं सांगते, म्हणजे माझी चूक नीट कळेल. आमची केबल गोल फिरत होती. लातूरहून निघून निलंगा, तिथून उदगीर, तिथून अहमदपूर आणि चाकूरवरून परत लातूर. प्रत्येक गावी निदान एक राउटर. राउटर म्हणजे चौकात उभा असलेला माणूस. आलेल्या माहितीच्या पुडक्यावरचा पत्ता वाचायचा आणि त्याला पुढच्या वाटेला लावायचं. एक वाट तुटली तर तो क्षणात पुडकी दुसऱ्या वाटेनं वळवतो. निलंग्याकडची बाजू बंद पडली तर उदगीरची माहिती अहमदपूरवरून येते. कचेरीतल्या कारकुनाला काही पत्ताच लागत नाही. एक बिघाड झाला तरी काम चालावं, यासाठीच तर ती गोल मांडणी. पण त्यात एक खोट आहे. काम चालू राहतं, म्हणून बिघाड कुणाला दिसत नाही. मग तो दुरुस्त करायची घाई कुणालाच नसते.

मार्चमध्ये एका सकाळी निलंग्याकडची बाजू तुटली. माझ्या स्क्रीनवर एक रेघ लाल झाली, चौकोन मात्र सगळे हिरवेच. मी मामांना फोन केला. दुष्काळात असं आठवड्याला एकदा तरी व्हायचंच. जो तो पाण्यासाठी जमीन खोदत होता आणि आमच्याच ठेकेदारानं केबल हातभर खोलीवर पुरून ठेवलेली. मामा मोटारसायकलवर यंत्र बांधून निघाले. केबल किती किलोमीटरवर तुटली ते त्या यंत्रावर कळतं. दुपारी त्यांचा फोन आला.

"ताई, केबल घावली. पण पंचाईत हाय."

निलंगा रोडवरचं एक गाव. गावाच्या सगळ्या विहिरी आणि बोअर आटलेले. रस्त्यापलीकडच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीत तेवढं पाणी टिकून होतं. त्यानं ते गावाला देऊ केलं, गावानं जेसीबी लावला, चर खोदला, पाईप टाकला. जेसीबीच्या दातात आमची केबल सापडली आणि दहा-पंधरा मीटर ओरबाडून निघाली. जेसीबीवाल्याला वाटलं जुनी वायर असेल. वर पाईप टाकून त्यांनी चर बुजवूनही टाकला होता.

"मग पाईप उचला आणि जोडा," मी म्हणाले. मी तेव्हा असंच बोलायचे.

"पाईप उचलला तर जोड निखळतेत, ताई. पुन्हा बसवून पाणी सुरू व्हायला दोन रोज जातेत. हितं बाया घागरी घेऊन उभ्या हायत. आजच पहिलं पाणी आलंय." मग म्हणाले, "दोनशे मीटर नवी केबल द्या. मी बाजूनं नेतो. पाईपाला हात लावायची गरजच न्हाई. उदगीर तर अहमदपूरकडून चालू हायच ना?"

"चालू आहे."

"मग चार-आठ दिवसांनी काय बिघडतंय?"

मला ते पटलं. खरंच पटलं. आजही वाटतं, तेवढं एक मी बरोबर केलं. मी म्हणाले, "ठीक आहे मामा, केबल मागवते. पाईपाला हात लावू नका." पलीकडं कुणाला तरी मामा ओरडून म्हणाले, "राहू द्या, राहू द्या, झालं काम." आणि मागून बायकांचा गलका ऐकू आला.

कोणताही बिघाड झाला की आमच्या कॉम्प्युटरमध्ये त्याची नोंद उघडायची. तिला आम्ही तिकीट म्हणायचो. दुरुस्ती झाली की तिकीट बंद करायचं, आणि कुणी दुरुस्त केलं त्याचं नाव टाकायचं. त्या संध्याकाळी पाच वाजता साहेबांचा फोन आला. मार्चअखेरचा अहवाल वर जायचा होता आणि त्यात एकही तिकीट उघडं दिसायला नको होतं. "निलंग्याचं काय पडलंय ते? उदगीर चालूय ना? मग बंद कर."

साहेबांवर ढकलायचं म्हटलं तर ढकलता येईल. पण त्यांना मी सांगितलंच नव्हतं की केबल अजून तुटलेली आहे. मी "हो सर" म्हणाले आणि तिकीट बंद केलं. 'दुरुस्त' या शब्दावर टिचकी मारली. खाली नाव विचारलं तेव्हा मामांचं नाव टाकलं. त्यात काही वाईट करतोय असं मनातही आलं नाही. आठ दिवसांत ते जोडणारच होते. मी फक्त आठ दिवस आधी लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या स्टोअरला केबल मागितली. स्टोअरवाला म्हणाला, "तिकीट नंबर सांगा." मी सांगितला. "मॅडम, हे तर बंद आहे. दुरुस्त झालेल्या बिघाडाला केबल कशी देऊ?"

मी फोन ठेवला. आता तिकीट पुन्हा उघडायचं तर कॉम्प्युटर कारण विचारणार होता, आणि 'चुकीनं बंद केले' असं लिहिलं की त्याची यादी माझ्या नावासकट थेट साहेबांपुढं जाणार होती. मी मनाशी म्हटलं, हरकत नाही. खोदाई जोरात आहे, आठवड्याभरात आणखी कुठंतरी केबल तुटेलच. त्या तिकिटावर दोनशे मीटर जास्त मागू.

त्या महिन्यात एकदाही केबल तुटली नाही. लोकांनी बोअर मारणंच सोडून दिलं होतं. खाली पाणीच नव्हतं तर मारणार कशाला?

चार दिवसांनी मामांचा फोन. "ताई, केबल?"

"येऊन राहिली, मामा."

आणखी चार दिवसांनी. "ताई, केबल निघाली का नांदेडहून?"

"निघेल आज-उद्या."

एवढं सोपं होतं ते. तोंडातून नुसतं निघून जायचं. नंतर नंतर मामांचं नाव फोनवर दिसलं की मी आधी उगाच चिडायचे. दुसरं काम नाही का यांना, असं म्हणायचे. ज्याला आपण फसवत असतो त्याचाच राग येतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

एप्रिलच्या मध्यात अहमदपूरकडच्या बाजूवर एक आकडा वाढायला लागला. केबलमधून माहिती जाते ती उजेडावर. कुठं जोड खराब झाला की उजेड मंद होतो आणि पलीकडचं यंत्र काहीबाही चुकीचं वाचतं. पण पाठवणारं यंत्र प्रत्येक पुडक्यासोबत थोडा जास्तीचा मजकूर पाठवतं. वडील कापड फाडण्याआधी एकदा सुलट आणि एकदा उलट मोजायचे, तसंच काहीसं. त्या जास्तीच्या मजकुरावरून पलीकडचं यंत्र ओळखतं की कुठं चुकलंय, आणि कुणालाही न विचारता चूक सुधारून टाकतं. किती चुका सुधारल्या तेवढा आकडा मात्र ते लिहून ठेवतं. तो आकडा बघायचं काम माझं होतं.

रोज सकाळी आकडा आदल्या दिवसापेक्षा मोठा. वापरणाऱ्याला काही जाणवत नाही, चौकोन हिरवाच. यंत्र सांभाळून घेतं, घेतं, घेतं, आणि त्याच्या आवाक्याबाहेर गेलं की एकदम सोडून देतं. मधली पायरीच नसते. हे मला पुस्तकातून पाठ होतं. परीक्षेत त्यावर मला चांगले गुण मिळाले होते.

मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "चाकूरच्या अलीकडचा जोड असंल. उन्हानं जोडाचा डबा तापतोय, आतलं ढिलं पडलंय. खोलून नवा करतो, दोन तासांचं काम."   दोघांनाही एकच गोष्ट दिसत होती. तो जोड खोलायचा म्हणजे ती बाजू दोन तास बंद करायची. आणि दुसरी बाजू तर महिन्यापासून निलंगा रोडवर पाईपाखाली तुटून पडलेली. दोन्ही बंद म्हणजे निलंगा, उदगीर, अहमदपूर, चाकूर, सगळंच बंद.

"आधी निलंग्याची बाजू उभी करा, ताई," मामा हळू म्हणाले. "मग मी हे खोलतो. केबल कवा येऊन राहिली?"

तो क्षण होता. तेव्हा मी "मामा, केबल मागवलेलीच नाही" म्हणाले असते तर फार तर साहेबांच्या शिव्या खाल्ल्या असत्या. मी म्हणाले, "ह्या आठवड्यात नक्की."

त्या आकड्याचा अलार्म वाजायचा, बारीक आणि सारखा. मी तो बंद करून ठेवला.

मे महिन्यात एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास सगळे चौकोन एकदम लाल झाले. निलंगा, उदगीर, अहमदपूर, चाकूर.  सोमवार म्हणजे तहसीलला गर्दीचा दिवस. दाखले, रेशन, टँकरच्या मंजुऱ्या, सगळं त्या एका वाटेनं येत-जात होतं. उन्हात माणसं रांगेत उभी राहिली आणि खिडकीतून एकच उत्तर येत राहिलं, नेट नाही. एका गावचा सरपंच टँकरच्या मंजुरीसाठी सकाळी आला होता, तो संध्याकाळी तसाच परत गेला, असं मला नंतर कळलं. त्याच्या गावात दुसऱ्या दिवशी पाणी गेलं नाही.

मामा तासाभरात चाकूरला पोचले, पण डबा नुसता ढिला नव्हता, आतून जळून गेला होता. नवा डबा नांदेडच्या स्टोअरहून मागवावा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी चौकोन हिरवे झाले. तोवर मामा घरी गेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी नांदेडचे साहेब लातूरला आले. त्यांचा प्रश्न सरळ होता. गोल मांडणीत एक बाजू गेल्यानं सगळं बंद पडूच शकत नाही. मग दुसरी बाजू कुठं होती? त्यांनी तिकिटाचा कागद काढून आणला होता. मार्चमधला निलंगा रोडचा बिघाड, दुरुस्त, खाली मामांचं नाव. सरकारकडूनही एक अधिकारी आले होते. मी लॅपटॉप उघडून बसले होते. मामा उभे होते. त्यांना कुणी बसा म्हणालं नाही, मीसुद्धा नाही.

साहेबांनी कागद पुढं केला. "हे जोडलं होतं तुम्ही?"

मामांनी कागद घेतला. डोळ्यांपासून लांब धरून सावकाश वाचला. स्वतःच्या नावावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी स्क्रीनकडं बघत होते. स्क्रीनवर काही नव्हतं.

"न्हाई जोडलं," मामा म्हणाले.

"मग दुरुस्त म्हणून कसं आलं? ऑफिसला फोन करून काय सांगितलं होतं?"

 मी बोलावं म्हणून मामा थांबलेत, हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं.  मला वाटलं, आता बोलू. पुढच्या वाक्यानंतर बोलू. साहेबांचं एवढं झालं की बोलू.

"ते मला न्हाई सांगता यायचं, साहेब," मामा म्हणाले.

"न जोडता जोडलं म्हणून सांगितलं, आणि वर सांगता येत नाही?" साहेब अधिकाऱ्यांकडं वळून म्हणाले, "बघा सर, आम्ही ऑफिसात बसून माणसाच्या जबानीवरच विश्वास ठेवतो." अधिकाऱ्यांनी मान हलवली. मामांनी कागद टेबलावर ठेवला, सरळ केला आणि ते बाहेर गेले. त्यांना कामावरून काढल्याचा फोन दुसऱ्या दिवशी गेला. तो मी केला नाही, एवढंच. कुणी केला ते विचारलंही नाही.

लाइनमनचं काम कुणी बघत नाही. तो रानात, खड्ड्यात बसून केसासारखी काच जोडतो आणि वर माती लोटतो. त्यानं जोडलं म्हटलं की जोडलं. त्याच्याकडं विकायला तो शब्द सोडून दुसरं काही नसतं. मामांचा तो शब्द मी वापरला, त्यांना न विचारता, आणि तो खोटा निघाला तेव्हा गप्प बसले. नोकरी जाईल म्हणून घाबरले होते का? थोडी. पण खरं सांगायचं तर चारचौघांत खोटी ठरण्याची लाज जास्त वाटली. तेवढ्यासाठी मी पन्नाशीतल्या माणसाला खोटं ठरवलं.

निलंगा रोडवर नवी केबल दोन दिवसांत आली. दुसऱ्या लाइनमननं ती पाईपाच्या बाजूनंच नेली. उदगीर जिल्हा काही झाला नाही. माझी वर्षभरात नांदेडला बदली झाली, थोड्या वरच्या जागेवर. आईवडील खूश होते. मीही खूश आहे असं दाखवायचे. मधून मधून ठरवायचे, साहेबांना सगळं सांगू. एकदा सांगितलंही. ते म्हणाले, "आता कशाला? जुनं झालं ते." मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यावर मी आणखी काही वर्षं काढली.

मग एकदा अर्धापूरजवळ केळीच्या बागांमध्ये केबल तुटली. तिकडचा लाइनमन तरुण, बोलका. जोडल्यावर त्यानं फोन केला, "मॅडम, झालं बघा. मुरुड पाठवू का?"

"काय पाठवता?"

"फोटो हो, जोडाचा. आम्ही त्याला मुरुडच म्हणतो. तिकडचा कुणी एक मामा होता म्हणे, न जोडताच जोडलं म्हणून सांगायचा. तवापासून ऑफिस फोटो मागून राहिलंय. माती लोटायच्या आधी मुरुड काढायचा, असंच शिकवतेत नव्या पोरांना." तो हसला.

मी फोन ठेवला. त्या रविवारी एसटी धरून लातूरला आणि तिथून मुरुडला गेले.

मामा मोटारी दुरुस्त करून देत होते, विहिरीवरच्या. घराच्या ओट्यावर तांब्याच्या तारांची भेंडोळी पडली होती. केस पार पांढरे झाले होते. मला बघून ते उठले. "या ताई, या. इकडं कुणीकडं?" आतून मामी पाणी घेऊन आल्या. मी पाणी पिऊन लगेच बोलायला सुरुवात केली, कारण थांबले असते तर चहा पिऊन परत आले असते. तिकीट मी बंद केलं, तुमचं नाव मी टाकलं, केबल मी मागवलीच नव्हती, दर वेळी तुमच्याशी खोटं बोलत होते. सगळं सांगितलं.

मामा तार गुंडाळत ऐकत होते. म्हणाले, "केबलचं मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"एप्रिलातच. मी स्वतः स्टोअरला फोन केलता. त्यो म्हणाला, मागणीच न्हाई."

"मग मला का विचारत राहिलात? केबल आली का, केबल आली का?"

"तुम्ही सांगाल म्हणून," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"आणि त्या दिवशी साहेबांपुढं? तुम्ही का नाही सांगितलं?"

"पाईपाला हात लावू नका म्हणालात तवा तुम्ही माझं ऐकलं होतं. जोडायला उशीर मीच मागितला होता, त्यातली जिम्मेदारी माझी होती. तुमच्यातली तुम्ही घ्याल असं वाटलं." तारेचं टोक त्यांनी दातानं दुमडलं. "न्हाई घेतली. झालं."

मी रडायला लागले. मामांनी रडू दिलं. जाऊ द्या ताई, असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले नाहीत. ते आत गेले आणि एक वही, पेन घेऊन आले.

"लिहून द्या," ते म्हणाले. "आत्ता बोललात तसं. खाली सही करा."

मी लिहिलं.  मार्चमधला बिघाड, तिकीट, नाव, स्टोअर, अलार्म, ती खोली. पान भरलं. वही पुढं केली तर त्यांनी ती घेतली नाही. त्यांनी मामींना हाक मारून ओट्यावर बसवलं. "मोठ्यानं वाचा, ताई. हिनं मला लई वर्षांमागं एकदाच विचारलं होतं, खरंच खोटं बोललात का म्हणून. मी म्हटलं, जोडलं न्हवतं एवढं खरं हाय. त्यापुढं हिनं कधी विचारलं न्हाई. आता ऐकू दे."

मी वाचलं.  मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या, मामांकडं न बघता. वाचून झाल्यावर त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. त्यांना वाचता येत होतं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी पान उलटून बघितलं. मागं काही लिहिलेलं नव्हतं.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "एका पानाचंच हाय की. हे लिवायला तुम्हाला इतकी वर्षं लागली?"

मी हो म्हणाले.